आज पप्पांनी हातमोजा काढला

मंडळी, बोटं अजून गारठलेली आहेत, तरी लिहितेच.

माझे पप्पा वसईचे. सगळं आयुष्य होडीवर गेलं. मम्मी गेल्यावर मी त्यांना इकडे ऑन्टॅरिओत आणलं. तेव्हापासून रोज सकाळी एकच प्रश्न, "माझं परतीचं तिकीट कधीचं?"

आज नवरा म्हणाला, तलाव गोठायच्या आत एकदा बोट काढूया. छोटीशी बोट, आम्ही तिघं. धुकं एवढं की काठ दिसेना, पाणी कुठे संपतं तेही कळेना.

थंडीत बास मासा सुस्त असतो. गळ ओढत नाही, नुसता तोंडात धरून बसतो. नवऱ्याचा फिश फाइंडर सांगत होता, खाली काही नाही. पप्पांनी हातमोजा काढला, गळाची दोरी उघड्या बोटावर घेतली आणि डोळे मिटले.

"पप्पा, झोपलात का?"

"शू! खाली कोणीतरी विचार करतंय."

आणि हळूच त्यांनी गळाची काठी उचलली. चांगला जाडजूड, हिरवा बास! माझ्या डोक्यात कालवण शिजायला लागलं होतं. पप्पांनी अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि त्याला अलगद पाण्यात सोडलं. "नव्या पाण्यातला पहिला मासा ठेवायचा नसतो."

घरी परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "तलाव गोठल्यावर हे मासे जातात कुठे?"

"कुठेच नाही. बर्फ वितळेपर्यंत खाली शांत पडून राहतात."

त्यांनी बाहीने खिडकीची काच पुसली. "जमतं त्यांना?"

"जमतं, पप्पा."

तिकिटाचं आज विचारलंच नाही त्यांनी. आता तुम्हीच सांगा, मी विषय काढू, की गप्प बसू?