कंट्रोलच्या ओळी

"मॅडम, मी पीएच.डी. सोडते," मनीषा उभ्याउभ्याच म्हणाली.

टेबलावर तिचे आकडे होते. तिने तयार केलेलं जिवाणूंचं औषध काही केळींना दिलं होतं, रस्त्याकडच्या ओळींना मुद्दाम काहीच नाही. तुलनेसाठी अशा ओळी लागतात. आम्ही त्यांना कंट्रोल म्हणतो. शेवटी सगळी झाडं सारखीच निघाली. म्हणजे औषध कुचकामी आणि तिची मेहनत पाण्यात.

अशा वेळी गाइडने प्रेरणेचे चार शब्द बोलावेत. मला ते जमत नाही. मला शंका येतात. पहिली तिच्यावरच आली: ही शेतावर गेली तरी होती का? पण तिच्या ओढणीवर केळीच्या चिकाचे डाग होते. ते धुऊन जात नाहीत. गेली होती.

मग आकडे पाहिले. कंट्रोलची झाडं आधी मागे होती आणि मध्येच एकदम सुटली होती. आपोआप?

"त्या ओळींची माती आण. टेस्ट करू."

"आता काय उपयोग, मॅडम?"

"सोडायचंच आहे ना? तपासून सोड."

कंट्रोलच्या मातीत आमचेच जिवाणू निघाले. मध्ये भरपूर अंतर होतं, आणि जिवाणूंना पाय नसतात.

मनीषाला घेऊन नांदेडहून तडक अर्धापूर गाठलं. शेत दत्तराव काकांचं, औषधाचा ड्रमही त्यांच्याच शेडमध्ये. चहा आला. मी विचारलं, "काका, रस्त्याकडच्या ओळींना काय दिलं?"

"कुठं काय?"

"मातीत सापडलंय."

काकांनी कप खाली ठेवला. "रागावू नका, मॅडम. औषध पडलं ती झाडं लई जोरात निघाली. अन् रस्त्याकडची खुरटलेली. येणारा-जाणारा इचारून राहिला, दत्तराव, ह्या झाडांनी तुमचं काय घोडं मारलं? मला बघवंना. दिलं थोडं थोडं."

मी भडकले. अख्खी ट्रायल वाया गेली होती. मनीषा मात्र ताडकन उठली.

"काका, फरक दिसला? नुसत्या डोळ्यानं?"

"दिसला म्हणून तं चोरलं ना, बाई!"

परतताना ती नव्या ट्रायलबद्दलच बोलत होती. पीएच.डी. सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या लागवडीत फरक स्वच्छ दिसला, शेत काकांचंच होतं. कंट्रोलच्या ओळी तेवढ्या रस्त्यापासून लांब ठेवल्या, आणि ड्रमला कुलूप लावलं.

हल्ली मला संशोधनातल्या प्रेरणेवर बोलायला बोलावतात. मी एवढंच सांगते: तुमचं औषध कोणी चोरतंय का, ते आधी बघा.