दोन पावसाळ्यांचं कुंपण

कुंपण किती वर्षं टिकतं, हे मी कधी कुणाला विचारेन असं वाटलं नव्हतं. आणि विचारायची वेळ आली तीही उलटीच. लोक जास्तीत जास्त टिकणारं कुंपण शोधतात, मला लवकरात लवकर मोडणारं हवं होतं. आता हे दुकानदाराला सांगायचं कसं? नवऱ्याला तर मुळीच नाही.

झालं असं. हैदराबादला मलकपेठेत आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. एकात आम्ही, दुसऱ्यात धाकटे दीर आणि जाऊ. मधलं अंगण दोघांचं. पुतण्याने नवी गाडी घेतली आणि अंगणात अशी लावली की आमच्या यांना स्कूटर बाहेर काढायची पंचाईत. बस, एवढंच. जन्मभर सरकारी कचेरीत फायली सरकवलेला माझा नवरा आणि जन्मभर कोर्टात भांडलेला माझा दीर, दोघे एका स्कूटरवरून असे भडकले की बोलणंच बंद. "मध्ये कुंपण घाला," हे म्हणाले. "जरूर घाला," भाऊजी म्हणाले. अबोला धरलेल्या माणसांचं एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण कुंपण कसलं, हे एकमेकांशी बोलणार कोण? भाऊजींनी निरोप धाडला, "वहिनी आणतील ते मान्य." यांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "तूच बघ काय ते." आमच्या घरची ही जुनी रीत आहे. भांडण पुरुषांनी करायचं आणि त्याचं सामान बायकांनी आणायचं.

मला संताप आला, आणि धास्तीही वाटली. कारण त्या अंगणापलीकडे माझी जाऊ राहते. पुण्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला ना तेलुगू येत होतं, ना इथलं दखनी. भाजीवाला "क्या होना अम्मा?" म्हणाला की ही घाबरून माझ्याकडे बघायची. मी तिला भाव करायला शिकवलं, "नक्को" म्हणायला शिकवलं. माझं मराठी कुठे कुठे चुकतं ते तिने मला शिकवलं, मी न विचारता. मला सख्खी बहीण नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन अंगण ओलांडायचं आणि तिच्या पायरीवर बसायचं, ही माझी इतक्या वर्षांची सवय. मला ते अंगण उघडं हवं होतं, दुसरं काही नको होतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं, कुंपण असं आणायचं की ते यांच्या रागाच्या आधी नाहीतर रागाबरोबर तरी संपेल. राग किती टिकतो ते मात्र कुणी सांगत नाही. मी आपला अंदाज धरला, एखाद-दोन पावसाळे.

काचीगुड्याला स्टेशनकडे जाताना तारा, जाळ्या, खांब असलं सामान विकणारं एक दुकान आहे. मालक जाडजूड, हसतमुख, तोंडात पान. मी विचारलं, "ये जाळी कितने दिन रहती?" माझं दखनी ऐकून खूश झाला. म्हणाला, "अम्मा, जस्ता चढाएला माल है. पंधरा साल फिकरच नक्को."

पंधरा वर्षं! माझं तोंड उतरलं. त्याला वाटलं, अम्माला कमी वाटतंय. त्याने लगेच काटेरी तार आणि सिमेंटचे खांब दाखवले. तार गंजली तर बदलायची, खांब वीस-पंचवीस वर्षं हलत नाहीत. माझा चेहरा आणखीच पडला. मग तो इरेला पेटला. तयार सिमेंटच्या फळ्या एकावर एक बसवून भिंत कशी होते ते सांगितलं. "आपके पोते देखेंगे, अम्मा." मी नकाराची मान हलवली. शेवटी त्याने ठेवणीतलं काढलं. तांडूरची फरशी, म्हणजे आपल्या शहाबादीसारखी दगडी लादी, उभी गाडायची, शेजारी शेजारी. वाळवी नाही, गंज नाही, ऊन नाही, पाऊस नाही. "ये तो मरतीच नहीं."

मला तिथेच रडू येईल असं वाटलं. बिचारा पाणी आणायला धावला.

पाणी पिताना कोपऱ्यात सर्वीच्या काठ्या आणि बांबूच्या पट्ट्या दिसल्या. सर्वी म्हणजे आपला सुरू, इथे बांधकामाला त्याच्या काठ्या वापरतात. मी विचारलं, "और ये?" त्याने हात झटकला. "ये? दो बरसात. नीचे से सड जाता. ये नक्को लेओ अम्मा, पछताते आप."

"हेच द्या," मी मराठीतच म्हणाले. इतका आनंद मला आबिड्सच्या बाजारात साडी घेतानाही कधी झाला नव्हता.

छातीइतकं उंच, पट्ट्यांमध्ये बोटभर फटी असलेलं कुंपण उभं राहिलं. यांनी हलवून बघितलं आणि म्हणाले, "हे काय आणलंस?" मी म्हटलं, "ठरवायचं माझ्यावर सोडलंत ना? मग आता बोलू नका." पलीकडून भाऊजी फक्त खाकरले.

चहा बंद झाला. कुणी मनाई केली नव्हती. पण कप घेऊन कुंपणापाशी उभं राहायचं आणि आत दोन पुरुष कान देऊन बसलेले, असं बोलणार तरी काय? "आज ऊन आहे." "हो ना, ताई." तिचं ते "हो ना, ताई" ऐकून मला घरात येऊन भांडी आपटावीशी वाटायची. आपटलीही.

मग मी कुंपणाला जरा मदत करायला लागले. कपडे धुतलेलं पाणी मोरीत न ओतता काठ्यांच्या बुडाशी ओतायची. पहिला पावसाळा गेला. दुसरा गेला, चांगला धो धो. मी रोज सकाळी एखादी काठी हळूच हलवून बघायची. काठी जागची हलत नव्हती. तिसरा पावसाळा आला आणि गेला, कुंपण ताठ! माझी मतीच गुंग झाली. अख्ख्या हैदराबादेत मला आयुष्यात एकदाच कबूल केल्यापेक्षा चांगला माल मिळावा, आणि तो हा? दुकानदाराने लबाडी केली म्हणावं तर कसली? की लाकूडच वेगळं? की मी ओततेय त्या साबणाच्या पाण्यानेच वाळवी मरतेय? मी पाणी बंद केलं. मग वाटलं, चुकलं, परत सुरू केलं. काही म्हणता काही कळेना.

या उन्हाळ्यात एका दुपारी, दोन्ही घरचे पुरुष घोरत असताना, मी कपडे काढायला बाहेर आले. पाहते तर पलीकडे माझी जाऊ उकिडवी बसलेली. पदर खोचलेला, एका हातात जुना ब्रश, शेजारी पत्र्याचा डबा. गॅरेजमधून आणलेलं काळं जळकं तेल ती तिच्या बाजूने काठ्यांच्या बुडाला फासत होती. एक काठी तर तिने नवीनच आणली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ही! इतकी वर्षं मी हिच्या पायरीवर बसले आणि ही माझ्या तोंडावर दार पक्कं करत बसलीय!

"काय गं हे?"

ती दचकली. तोंडावर तेलाचा फराटा. "ताई, टिकायला हवं ना ते."

"कशाला? इतका कंटाळा आलाय का माझा?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग अशी हसली, की हसता हसता तिचे डोळे भरले. "अहो ताई, असं काय करताय? हे पडलं की भिंत येणार. तुमच्या दिरांनी मिस्त्रीला सांगून ठेवलंय. तांडूरची फरशी, डोक्याच्या वर. कुंपण कधी पडतंय याचीच वाट बघतायत ते. म्हणतात, वहिनींनी आणलेलं आहे, उभं आहे तोवर हात लावणार नाही." तिने ब्रश डब्यात टाकला. "दर उन्हाळ्यात हे तेल लावते मी. आणि तुम्ही रोज मेलं पाणी ओतता!"

कुंपण पडलं की अंगण उघडं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पडल्यावर पुढे काय, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. यांचा राग संपलाय की नाही, तेही मला धड माहीत नव्हतं. मी दुकानदाराला कुंपणाचं आयुष्य विचारत बसले, आणि घरातल्या दोन माणसांना काही विचारलं नाही. आता विचारावं का? विचारलं आणि ते म्हणाले, भिंत घाला, तर?

"पायरीवर बसलं की फटीतून तुमचं स्वयंपाकघर दिसतं," ती म्हणाली. "तुम्ही भांडी आपटता तेही दिसतं. भिंत झाली की काय बघू मी?"

नवीन काठी खड्ड्यात तिरकी उभी होती. ती म्हणाली, "धरा हो जरा तुमच्या बाजूने, मला एकटीला जमत नाही." मी कपडे तिथेच फेकले, खाली बसले आणि काठी दोन्ही हातांनी धरली. तिने पलीकडून माती लोटली, मी अलीकडून. मुठीने दाबली, पायाने दाबली, वर दगड ठोकले.

"घट्ट झाली?" तिने विचारलं.

मी काठी जोर लावून हलवली. हलली नाही. "घट्ट," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.