कांगोहून आल्यावर

माझे मिस्टर फौजेत होते. निवृत्तीआधी त्यांची शेवटची पोस्टिंग आफ्रिकेत झाली, कांगोत, शांतिसेनेत. औशाला परत आले तेव्हा विहारात सत्कार झाला, गल्लीतल्या बायांनी ओवाळलं. तिथलं मात्र ते काही सांगत नसत. विचारलं की, "जंगल हाय, पाऊस हाय," एवढंच.

मुलगी अकरावीला लातूरला गेली तेव्हा आम्ही तिला मोबाइल घेतला. ह्यांनी तो हातात धरून उलटापालटा केला, आणि जेवायला बसल्यावर पहिल्यांदा बोलले.

तिकडच्या डोंगरांत कोल्टन नावाचं काळं खनिज निघतं. मोबाइलच्या आतल्या बारीक भागांना ते लागतं. बंदूकवाल्या टोळ्या खाणींवर कब्जा करून बसतात, गावकऱ्यांकडून खणून घेतात आणि तो माल विकून लढाया चालवतात. एका पावसात असाच एक डोंगर घसरला. खणणारी माणसं आत गाडली गेली. वरून माती येतच होती, म्हणून लोकांना मागं ठेवायचा हुकूम ह्यांच्या तुकडीला होता. एक बाई हातांनी उकरत होती. ह्यांनी तिला कमरेला धरून ओढलं.

"ती रडली न्हाई," हे म्हणाले. "नुसती मातीकडं हात करत होती. दुसऱ्या दिवशी लोक बाजूच्या खड्ड्यात परत उतरले. टोळीवाले वर उभेच."

ताट तसंच ठेवून ते उठले.

त्यानंतर ते बोलतच सुटले. विहारात, शाळांत, एसटी स्टँडसमोरच्या चौकात. सांगायचे, मोबाइल सारखा बदलू नका, दुरुस्त करून वापरा, हा माल कुठल्या खाणीतून येतो ते कंपन्यांना विचारा. चौकातला एक चहावाला एकदा म्हणाला, "मंग काय मेजर, मोबाइल फेकून द्यावं का आम्ही?"

"फेकू नका. विचारा तरी."

"कुनाला इचारायचं? दुकानवाल्याला?"

सगळे हसले. हेही थोडे हसले. घरी येऊन मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मुलीच्या क्लासवाल्यांनी टॅब वाटपाला ह्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. टॅबच्या खोक्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून ह्यांनी तो डोंगर सांगायला सुरुवात केली. संचालकांनी हसत हसत माइक काढून घेतला. "मेजरसाहेब जरा भावुक झाले," म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मुलगी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

रविवारी ती घरी आली. "पप्पा, पोरी मला कांगो म्हणायल्यात. तुम्ही परत तिथं येऊ नका."

"न्हाई येत," हे म्हणाले. त्या दिवसापासून बोलावणी आपोआप कमी झाली.

हदगावकडच्या एका शाळेत माझा मावसभाऊ हेडमास्तर आहे. सव्वीस जानेवारीला त्याने बोलावलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. झेंडावंदनाआधी त्याने ह्यांना बाजूला घेतलं. "दाजी, बारकी लेकरं हायत. ते खाणीचं नको. एखादी चकमक सांगा."

ह्यांनी माइकसमोर जाऊन लेकरांच्या रांगांकडे बघितलं. मग सुरू झाले. पहाटेचं धुकं, झाडीतून आलेल्या गोळ्या, जखमी जोडीदाराला खांद्यावर घेऊन पार केलेली नदी. लेकरं श्वास रोखून ऐकत होती. शेवटी सगळ्यांनी उभं राहून सॅल्यूट केला. मावसभावाने डोळे पुसले. मी खुर्चीत बसून ह्यांच्याकडे बघत होते. कांगोत आपल्याला एकही गोळी चालवावी लागली नाही, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "ही चकमक कधी झाली?"

"झाली न्हाई."

नांदेडजवळचं विष्णुपुरी मागे गेलं, तशी ह्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "इतके दिवस खरं सांगितलं. आज पहिल्यांदा कुणी ऐकलं."

आता दर जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळांतून फोन येतात. हे कोणालाच नाही म्हणत नाहीत. नदी दर वर्षी थोडी रुंद होते. मी सोबत जात नाही. परत आले की हे बूटसुद्धा न काढता ओट्यावर बसून राहतात. जेवायला हाक मारली, तरी लवकर उठत नाहीत.