मालिनीबाईंनी गाडी फिरवली

...तर मालिनीबाई जीपमधून उतरल्या, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेल्या आणि बोट दाखवून उभ्या राहिल्या. काल आपली गोष्ट इथवर आली होती, नाही का? भाषा येत नव्हती, म्हणून बोट. पुढच्या तळ्याकडं नाही, वरच्या बर्फाच्या डोंगराकडं नाही. ज्या रस्त्यानं चढून आलो त्या रस्त्याकडं, खाली. आणि मागच्या सीटवर त्यांचा नवरा प्रसन्न काचेला डोकं टेकवून हसत होता. बरोबरचं जोडपं, आशुतोष आणि विशाखा, तेही हसत होते. ते का हसत होते हे कळायला आधी बाई कळायला हव्यात.

बाई राहतात हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला. आल्या तेव्हा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या, डिपेंडंट. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. मुलगी अस्मिता मास्ट्रिख्टला शिकते. मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते. बाई म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, गोळ्या देणं अशी कामं करतात. त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे सुजलेल्या पायांवर ते घट्ट रबरी मोजे चढवायचे. एका आजोबांचे चढवून झाले की सायकल काढायची नि दुसऱ्या आजींकडं. आणि वारा! कुठल्याही दिशेला निघा, तिथं वारा समोरूनच येतो. संध्याकाळी घरी आल्या की अंगातला कोटही न काढता सोफ्यावर बसून राहायच्या. ओळखीपाळखीत कुणी विचारलं, मालिनी कशी आहे, तर उत्तर ठरलेलं. "ती ना? दमलेली असते."

आणि प्रसन्नचं नेमकं उलटं. तो बोलून दमला असं कुणी पाहिलं नाही. त्याची हुकमी गोष्ट कालव्याची. नवानवा आलेला असताना हा पठ्ठ्या सायकलसकट कालव्यात पडला. पोहता येईना. काठचं गवत धरून ओरडतोय, आईला हाका मारून झाल्या, कुलदैवताला हाका मारून झाल्या. काठावरून एक डच आजी कुत्रा घेऊन चाललेली. ती थांबली, शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "अहो, उभे राहा की!" उभा राहिला, तर पाणी कमरेएवढं!

छान आहे ना? पहिल्यांदा छानच आहे. पण बाईंनी ती प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला ऐकली. कुठं तो श्वास घेणार, कुठं टाळीसाठी हात पुढं करणार, त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. लोक हसायचे तेव्हा बाई भिंतीकडं बघत असायच्या.

तर बोलिव्हियाला जायचं काढलं आशुतोषनं. मिठाचं वाळवंट, गुलाबी तळी, फ्लेमिंगो. बाईंना कुठंही जायचं नव्हतं. त्यांना सुट्टीत झोपायचं होतं. पण प्रसन्नची पन्नाशी, मोडता कोण घालणार? लसी घ्यायला गेले तिथल्या नर्सनं नीट बसवून सांगितलं, की बाबांनो, तुमची घरं समुद्राच्या पातळीखाली, तुम्ही चाललात ढगांच्या वर. सावकाश चढा. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. डोकं दुखलं तर लपवू नका. आणि दारू न पिता माणूस झोकांड्या खायला लागला तर त्याच क्षणी उतरा, सकाळची वाट बघू नका.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ला पाझला पोचल्यावर आशुतोषनं विश्रांतीचे दिवस कापून टाकले. म्हणाला, "अरे, कॉलेजात आपण हरिश्चंद्रगड रातोरात चढलोय! ही डच माणसं पुलावर चढली तरी त्यांना चक्कर येते." उंचीच्या त्रासावरची गोळी होती, पण तिनं लघवी फार होते. दर थोड्या वेळानं जीप थांबवायला लावणं प्रसन्नला लाजिरवाणं वाटलं. त्यानं कुणाला न सांगता गोळी बंद केली आणि पाणीही कमी केलं. माणूस लाजेपायी काय काय करतो बघा!

पहिली रात्र मिठाच्या काठावरच्या गावात काढली. दुसरी आणखी वर. तिसऱ्या दिवशी चढत चढत साडेचार हजार मीटरच्या पुढं गेले. सकाळपासून प्रसन्न गप्प होता. बाईंना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. काचेला टेकून त्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत इतकी शांतता मिळाली नव्हती.

दुपारी आशुतोष म्हणाला, "प्रसन्नराव, मैफल थंड पडलीय. होऊन जाऊ दे कालवा!"

प्रसन्ननं सुरुवात केली. सायकल आली, वारा आला. मग परत सायकल आली. कुत्रा आधी आला आणि आजी आलीच नाही. तो थांबला, कपाळ चोळलं आणि म्हणाला, "मग मी बुडालो." आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आशुतोष आणि विशाखा हसून हसून लोटपोट. "नवीन आवृत्ती! वा!"

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरल्या.

आता कळलं ना बोट का दाखवलं?

"वहिनी, तुम्ही दमलाय," आशुतोष म्हणाला. "तासाभरात मुक्काम येतोय. तिथं मस्त ताणून द्या. फ्लेमिंगो काय, उद्या सकाळी बघू."

"मी दमलेली नाही. म्हणजे आहे, पण ते सोडा. याला खाली न्यायचंय."

"अहो, तो गंमत करतोय! त्याचा स्वभाव माहीत नाही का तुम्हाला?"

"मलाच माहितीये."

त्या मागं गेल्या, दार उघडलं. "प्रसन्न, खाली उतर. या टायरच्या खुणेवरून चालून दाखव. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत, एकेक पाऊल."

"मालू, परीक्षा घेतेस?" तो हसत उतरला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि कलंडला तो सरळ बाईंच्या अंगावर. तरी हसतच होता. आशुतोषही सवयीनं हसला, आणि मग त्याचं हसणं अर्ध्यात राहिलं.

विशाखा हळूच म्हणाली, "मालिनीताई, माझंही डोकं कालपासून ठणकतंय. गोळ्या खातेय. म्हटलं, उगाच रंगाचा बेरंग कशाला."

"विशाखा! मला नाही सांगितलंस?"

"तुझं नाही का दुखत?"

आशुतोषचा हात आपोआप कपाळाकडं गेला. त्याचंही दुखतच होतं!

विशाखा मोबाइलवर थोडी स्पॅनिश शिकली होती. तिनं ड्रायव्हरला मोडकंतोडकं सांगितलं, पण त्यानं प्रसन्नला पडताना बघितलंच होतं. जीपमधलं ऑक्सिजनचं नळकांडं काढून त्यानं बाईंच्या हातात दिलं आणि गाडी फिरवली.

उतरणीचा तो रस्ता, रस्ता कसला, दगडच. बाई नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसल्या. नाकावरचा मास्क घसरला की परत लावायच्या. तो झोपायला लागला की गालावर चापटी मारायच्या. "बोल. काहीही बोल. सायकल कुठल्या रंगाची होती?"

"कुठली सायकल?"

बाईंना रडू आलं, पण रडायलाही तिथं हवा पुरत नव्हती. त्या विचारतच राहिल्या. डोळ्यांसमोर सगळे आजोबा-आजी येत होते, ज्यांच्याशी बोलायला घरात आता कुणी उरलं नव्हतं.

अंधार पडता पडता ते खूप खाली, झाडं असलेल्या गावात पोचले. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तिथला डॉक्टर विशाखाला म्हणाला, मुक्कामाला वर थांबला असता तर सकाळी हा उठला नसता. विशाखानं ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण बाईंनी हातानंच थांबवलं. चेहऱ्यावरून कळलं होतं. खुर्ची ओढून त्या पलंगाशी बसल्या. कोट अंगातच होता.

दुसऱ्या दिवशी प्रसन्ननं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. फ्लेमिंगो कुणीच पाहिले नाहीत. आशुतोष परतीच्या विमानात सगळा वेळ समोरच्या पडद्यावरच्या नकाशाऐवजी स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

बाई सोमवारी कामावर गेल्या. तेच मोजे, तोच वारा. पुढं गणपतीला आशुतोषकडं पंगत बसली आणि प्रसन्ननं परत कालवा काढला. आता त्याला बोलिव्हियाचं शेपूट जोडलेलं, म्हणजे आणखी लांब! बाई ताटावर हात ठेवून, जड डोळ्यांनी, त्याच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या. वाढता वाढता विशाखा त्यांच्या कानाशी वाकली. "मालिनीताई, खरं सांगा, तीच तीच गोष्ट ऐकून कंटाळा नाही येत?"

बाई म्हणाल्या, "येतो की. अगदी जीव जातो कंटाळ्यानं. पण तो शेवटाला नीट पोचेपर्यंत मी जागची हलत नाही."