फळ्यावरची कपात

दत्ताराम माझा शेजारी होता आणि गिरणीत साचेखात्यातला, म्हणजे मागांवरचा, जोडीदारही. डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या. त्याच्याविषयी कोणी काही लिहिलेलं नाही. माझ्यापेक्षा बरं लिहिणारं कोणी निघालं असतं तर मी गप्प बसलो असतो.

त्याचं शिक्षण मालवणकडच्या शाळेत चौथीपर्यंत झालेलं. अक्षर मात्र असं की चाळीतल्या लग्नपत्रिकांवरची नावं त्यानेच घालायची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर एक काळा फळा टांगला गेला आणि खडू आपसूक त्याच्या हातात आला. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी तो कोपऱ्यावरच्या हॉटेलात पेपर मोठ्याने वाचायचा, आम्ही चहा घेत ऐकायचो. मग तो चारपाच ओळी फळ्यावर उतरवायचा. गल्लीतल्या निम्म्या घरांत पेपर येत नसे. त्यांचा पेपर म्हणजे तो फळा.

गोळीबाराच्या दिवसांत कोणीतरी अंधारात ओल्या फडक्याने फळा पुसून जायचं. तेव्हा गल्लीने ठरवलं की एकदा लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत पुसायचं नाही. लिहिणाऱ्यानेसुद्धा नाही. त्यामुळे फळ्यावर आलं ते खरं, असं लोक धरून चालत. दत्तारामला पगाराचा नसेल एवढा त्याचा अभिमान होता.

सत्तावन्नच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची पुष्कळ माणसं निवडून आली आणि विरोधी बाकांवर बसली. दुसऱ्या वर्षी द्विभाषिक राज्याचं अंदाजपत्रक आलं. त्यावर विरोधी पक्षनेते काय उत्तर देतात याची गल्लीत लोक कुस्तीच्या फडासारखी वाट बघत होते. भाषण छापून आलं त्या सकाळी हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती.

दत्ताराम रंगून वाचत होता. सरकारवरच्या एकेका टोल्याला लोक बाकावर थाप मारत होते. शेवटच्या परिच्छेदाशी तो अडखळला. पुन्हा मागे जाऊन त्याने तेच वाक्य सावकाश वाचलं. "आरोग्य खात्याच्या मागणीवर आपण कपात सूचना मांडणार असल्याचे विरोधी पक्षनेत्यांनी शेवटी जाहीर केले."



"कोण मांडणार? सरकार ना?" मी विचारलं.

"नाही रे. आपला माणूस."

आमच्या गिरणीत 'सूचना' म्हणजे दरवाजावर मालकाने चिकटवलेला कागद. आणि 'कपात' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सीतारामबुवांनी चौतीस सालचा संप पगारकपातीवरच केला होता. त्यांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

"मालकाने केली तर संप करता येतो," ते म्हणाले. "आपल्याच माणसाने केली तर काय करायचं? त्याच्या घरासमोर भजन?"

"दत्ताराम, हे फळ्यावर नको घेऊस," मी म्हटलं. "सरकारी पक्षाचे लोक हसतील."

"सरकारने केली असती तर घेतली असती ना?" त्याने विचारलं. "मग आता कसं गाळू?"

त्याने लिहिलं, "अंदाजपत्रकाला विरोधी पक्षनेत्यांचे उत्तर. इस्पितळांत कपात करण्याची मागणी." खडू इतका दाबून चालवला की मध्ये मोडला.

त्याची बायको बकुळा सरकारी इस्पितळात आया होती, पण टेंपरवारी. सलग वर्ष भरलं की कायम. मध्ये एक जरी खाडा पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिचं वर्ष येत्या गुढीपाडव्याला भरत होतं. ताप अंगात घेऊन ती कामावर गेलेली मी पाहिली आहे. त्या सकाळी ती ड्युटीवर निघाली आणि फळ्यापुढची गर्दी बघून थांबली. तिला जोडाक्षरं जमत नसत. नवऱ्याने तिला ओळ वाचून दाखवली.

"तुमच्या अक्षरात वाईट बातमीपण बरी दिसते," ती म्हणाली. "कपातीत आधी कोण जातं? टेंपरवारीच ना?"

भोंगा झाला. आम्ही गिरणीकडे पळालो.

पाळी सुटून परत आलो तर फळ्यापाशी बकुळावहिनी उभी होती. तिच्याबरोबर समितीच्या कचेरीतले शशिकांत वकील होते. गिरगावातले गृहस्थ, धोतराचा सोगा हातात धरून गल्लीतलं पाणी चुकवत उभे. ती सकाळी इस्पितळात न जाता थेट परळच्या कचेरीत गेली होती. तुमच्यासाठी दारोदार मतं मागितली, चळवळीत तुरुंगात पिठलं-भाकर खाल्ली, आता आमच्याच पोटावर पाय का, असं तिने तिथे सगळ्यांदेखत विचारलं होतं.

"दत्ताराम, घोटाळा झालाय," वकील म्हणाले. "कपात सूचना म्हणजे कापाकापी नव्हे हो. खातं सभागृहाकडे पैसे मागतं. त्या खात्याच्या कारभाराविरुद्ध बोलायचं असेल, तर मागणीतला एक रुपया कमी करा, असं म्हणून उभं राहायचं. ती रीत आहे. रुपया कोणीच कापत नाही. इस्पितळात माणसं अपुरी आहेत, टेंपरवारींना कायम करा, हे बोलण्यासाठी ते ती मांडणार आहेत."

दत्तारामला वाक्याचा शेवट ऐकू गेला की नाही, मला शंका आहे. तो बायकोकडे बघत होता.

"तू आज ड्युटीवर गेलीच नाहीस?"

"नोकरी जाणारच तर हजेरी राखून काय करू, असं वाटलं," ती म्हणाली.

तो पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसला. माणूस साच्यात बोट गेल्यावर जसा आधी ओरडतही नाही, तसा चेहरा. वकिलांनी खिशातून रुमाल काढला आणि ते फळ्याकडे वळले. दत्तारामने बसल्या जागेवरून त्यांचा हात धरला.

"सकाळपर्यंत पुसायचं नाही, साहेब."

"अहो, पण चूक आहे ते."

"म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने फळा पुसला आणि लिहिलं, "काल येथे चूक लिहिली. कपात सूचना म्हणजे तक्रार. आपल्या नेत्यांनी इस्पितळांची बाजू घेतली आहे. चूक माझी. दत्ताराम."

मला वाटलं, लोक सुटकेचा श्वास सोडतील. पण लोक वाचून एकमेकांकडे बघत होते. सीतारामबुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काल खरं लिहिलंस रे. आज लिहून घेतलंय कोणीतरी. वकील उगाच आला नव्हता चिखल तुडवत."

"बुवा, मी स्वतः लिहिलंय."

"लिहिलंस तूच. सांगितलं कोणी?"

मागे कोणीतरी हसलं. दत्तारामने खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. तो पुन्हा उचलणार नाही, असं मला वाटून गेलं. ज्या फळ्यावर दोन वर्षं कोणी शंका घेतली नव्हती, तो एका शब्दापायी समितीचा भोंगा ठरला होता. आणि खरं सांगितलं म्हणून ठरला होता.

बकुळावहिनी गर्दीतून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती बुवांसमोर उभी राहिली.

"बुवा, मला सांगितलं. मी विचारायला गेले म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "त्यापायी माझा खाडा पडला. आजपासून माझं वर्ष पहिल्यापासून. कालचं खरं असतं तर मला बरंच होतं, निदान उगाच गेला नसता माझा दिवस. मग मी खोटं कोणासाठी सांगू?"

बुवांनी वाकून फळा पुन्हा वाचला, ओठ हलवत, शेवटच्या नावापर्यंत. मग त्यांनी कडेवरचा खडू उचलला आणि दत्तारामपुढे धरला.

"तक्रार म्हणजे कसली, तेही खाली लिही," ते म्हणाले. "टेंपरवारींचं लिही. मोठ्या अक्षरात."

दत्ताराम लिहू लागला. वहिनी थांबली नाही. तिला ड्युटीला उशीर होत होता.