रिकामी चौकट

मी वेबसाइटचे फॉर्म बनवतो. परवा नवा फॉर्म आईपुढे ठेवला. कागदी फॉर्म ती आधी पूर्ण वाचते, मगच पेनचं टोपण काढते. इथेही ती एकेका चौकटीत नुसती डोकावत गेली. बोट लागलं की चौकट निळी उजळायची, पाहुणा दारात दिसल्यासारखी. आत कर्सरची उभी रेघ अक्षराची वाट बघत लुकलुकायची. आई पुढे सरकली की चौकट लगेच लाल: हे भरणे आवश्यक आहे.

"अरे, मी अजून बघतेय नुसती. हा आत्ताच का रागावतो?"

चौकट सोडताक्षणी ती भरली का ते तपासायचं, हे मीच लिहिलेलं. ती तपासणी शेवटचं बटण दाबल्यावरच होईल असं केलं.

संध्याकाळी काही सांगताना आई अडली, शब्द आठवेना. एरवी तिचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. या वेळी त्या कर्सरसारखा तिथेच थांबून राहिलो.