हिरवा पहिल्या रांगेतून दिसला पाहिजे

जे काम जग गंभीरपणे घेत नाही, ते तुम्ही गंभीरपणे करायला लागा. किस्से गोळा करावे लागत नाहीत, घरी येऊन पडतात! आमच्याकडे इतके पडलेत की कुठला आधी सांगू कळत नाही. आणि प्रत्येक सांगताना माझं डोकं तापतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही तिघं. किशोरचं नागपूरच्या लकडगंजात कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, प्राची ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मी सदरमधल्या एका ऑफिसात फायली सरकवतो. तिघं मिळून आम्ही प्रकाशाच्या तलवारी बनवतो. अंतराळातल्या सिनेमांत असतात ना, तशा. हातात मूठ, बटण दाबलं की तीन फुटांची दुधी नळी उजळते. मुठीत बॅटरी, नळीच्या बुडाशी एलईडी. सांगायला सोपं आहे. त्या एलईडीचा रंग निवडून दाखवा, मग बोलू!

*

नागपुरात दिवाळी ते होळी कूलरवाल्याकडे कुत्रं फिरकत नाही. म्हणून आमचा कारखाना किशोरच्या दुकानातच. जानेवारीत एकदा एक गृहस्थ जळालेला पंप घेऊन आले. टेबलावर आमची नवी तलवार ठेवलेली, दोन महिन्यांची मेहनत. त्यांनी ती उचलली, बटण दाबलं, लालभडक उजेड पडला. मला वाटलं, चला, निदान एक तरी कदरदान भेटला.

"हे कूलरमधी कुठं बसवता गा?" त्यांनी विचारलं.

किशोर मान वर न करता म्हणाला, "पाण्याच्या टाकीत."

"मंग माह्या कूलरमधी पण टाकून द्या एक!"

*

आता मुख्य गोष्ट. किशोरच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. शुगरनं मावशींची नजर गेल्यात जमा आहे. उजेड-अंधार कळतो, समोर काही हललं तर कळतं, माणूस मात्र आवाजावरून ओळखतात. किशोर शाळेत असताना दर गॅदरिंगला झाड नाहीतर शिपाई व्हायचा आणि मावशी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. आता किशोरला एकच हौस होती. कॉलनीच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर त्याची-माझी तलवारबाजी व्हावी आणि ती मावशींना दिसावी. नुसती ऐकू यावी असं नाही.

"एक बार तिले दिसलो पाहिजे बे," एवढंच तो म्हणाला, आणि लगेच स्क्रू शोधायला लागला.

म्हणजे रंग निवडणं हा आमच्यासाठी फॅशनचा प्रश्न नव्हता. लोकांना तो तसा वाटायचा, हा माझा राग!

*

दर रविवारी संध्याकाळी किशोरच्या घरी परीक्षा. पडदे ओढायचे, लाइट बंद, मावशी खुर्चीत, प्राची वही घेऊन. मी पहिल्यांदा लाल आणला. लाल माझा जीव की प्राण. खलनायकाच्या हातात लालच पाहिजे आणि खलनायक मी होतो!

मी तलवार पेटवून चांगली गरगर फिरवली. "दिसते का मावशी?"

"काय?"

संपला माझा लाल.

पुढच्या रविवारी निळा नेला. हा मी स्वतः चार दुकानं पालथी घालून आणला होता. बटण दाबताच मावशी खुर्चीत ताठ झाल्या. मी खूश!

"किशोर, गॅस कोनं चालू ठेवला गा?"

आणि नुसतं विचारून थांबल्या नाहीत. मला उठवून स्वयंपाकघरात पाठवलं. मी खलनायक, हातात पेटलेली तलवार, आणि गॅसची बटणं तपासून आलो! प्राचीनं वहीत लिहिलं, 'निळा: दिसतो, पण गॅस.'

तिसऱ्या रविवारी हिरवा. किशोर तलवार डावीकडे घेऊन गेला, तशी मावशींची मान डावीकडे गेली. उजवीकडे आला, तशी उजवीकडे. मग त्यांनी हात पुढे करून ती नळी धरली. किशोर बराच वेळ नाक शिंकरत होता.

घरी जाताना प्राची सहज म्हणाली, "डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतेच. अकरावीले शिकवतो आम्ही."

"मग तीन रविवार काहून घालवले वं?" मी ओरडलो.

"तुम्ही विचारलं काय मले?"

*

पण हा हिरवा दिसला तो सात-आठ फुटांवरून. स्टेज ते पहिली रांग वीस फूट तरी असणार. खुर्ची जरा मागे नेली की मावशी म्हणायच्या, "गेलं बापा ते." म्हणजे आणखी तेज हिरवा पाहिजे. मी आणि किशोर बाजारात निघालो.

तुम्ही कधी दुकानात जाऊन हिरवा एलईडी नीट मागितला आहे का? मागू नका. पहिल्या दुकानदारानं पांढऱ्या एलईडीवर हिरवी टोपी लावून दिली. दुसऱ्यानं दिवाळीची माळ पुढे केली. तिसऱ्याला मी शांतपणे, अगदी शांतपणे, समजावलं की हिरव्या-हिरव्यात फरक असतो. एक पोपटी, एक गवती, एक निळसर. तेजही वेगवेगळं असतं. आम्हाला सगळ्यात तेज आणि शुद्ध हिरवा हवा आहे.

त्यानं पान तोंडात सरकवलं आणि म्हणाला, "भैया, ग्रीन में दो ही आते हैं. जलनेवाला और नहीं जलनेवाला."

मी भांडायला पुढे झालो, तर किशोरनं मला धरलं आणि त्यालाच सांगितलं, "जलनेवाला दिखाओ." आणि काय सांगू, तो नेमका आम्हाला हवा तोच निघाला! माझा राग तसाच राहून गेला.

*

तेज एलईडी तापतो. त्याच्यामागे ॲल्युमिनियमची पट्टी लावायची, उष्णता तिच्यात जाते, विषय संपला. प्राचीनं कागदावर चित्र काढून दिलं होतं. चौथीतल्या पोरालाही कळलं असतं.

पण किशोर पंचवीस वर्षांपासूनचा कूलरवाला! दोन दिवसांनी तो तलवार घेऊन आला. मूठ ओली. मला वाटलं, घामानं असेल. तलवार पेटवली, सुंदर हिरवा उजेड पडला, आणि दहाव्या सेकंदाला आतून फट्ट असा आवाज आला. अंधार. मुठीतून धूर, आणि धुराला वाळ्याचा वास.

मूठ उघडली. या माणसानं एलईडीभोवती कूलरचं ओलं गवत भरलं होतं! वर वाळा. पाणी मारून!

"तापते म्हनाली ना थे प्राची," किशोर म्हणाला.

मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. माझं बोलून झाल्यावर त्यानं मूठ नाकाशी नेली. "पन वास कसा सुटला पाय!"

*

नवीन एलईडी आणला, पट्टी लावली, या वेळी एकाऐवजी नळीभर माळच बसवली. घराच्या दारापासून परसातल्या भिंतीपर्यंत, तेवीस फुटांवरून, मावशींची मान हलली. काळोख पक्का असेल तरच, हे प्राचीनं वहीत दोनदा अधोरेखित केलं.

आता फक्त कॉलनीच्या सचिवांची परवानगी बाकी होती. हे सचिव म्हणजे कॉलनीतल्या सगळ्या चांगल्या गोष्टींवर बसलेला माणूस. अर्ज वाचून म्हणाले, "तलवारी म्हणता. धार किती आहे?"

"धार नाही हो, उजेड आहे."

"मग उजेडाची धार नाही असं लेखी द्या."

दिलं! सही करून दिलं! कार्यक्रमपत्रिका आली, तर आमचं नाव बालगोपाळांच्या विभागात. आधी ससा-कासव, मग आम्ही. तिघांच्या वयाची बेरीज केली असती तर सचिवांना पेन्शन सुरू करावी लागली असती. किशोर म्हणाला, "राहू दे गा. आई लवकर झोपते, सुरुवातीचाच नंबर बरा." त्याच्यामुळे मी गप्प बसलो, नाहीतर बसलो नसतो.

*

संमेलनाचा दिवस. संध्याकाळचे साडेसात. मावशी पहिल्या रांगेत मधोमध, नवं लुगडं, हात मांडीवर. आमची तालीम पक्की होती. अठरा वार. सातव्यापासून किशोर मागे सरकणार, बाराव्याला उलटणार, अठराव्याला मी पडणार. माझ्या हातात तो गॅसचा निळा, त्याच्या हातात हिरवा.

ससा-कासव संपलं. आम्ही स्टेजवर गेलो, आणि मंडपवाल्यानं चार हॅलोजन आमच्या तोंडावर सोडले! आम्ही बटणं दाबली. तलवारी पेटल्यात की नाही हे आमचं आम्हालाही कळेना. पांढऱ्या दोन नळ्या हातात घेऊन दोन टकले उभे. मी खाली पाहिलं. मावशींची मान सरळ समोर, हलत नव्हती.

मी स्टेजच्या कडेला धावलो. "लाइट बंद करा!"

सचिव माइक हातात धरूनच म्हणाले, "असं कसं? अंधार केला तर तलवारी दिसतील कशा?"

सगळ्या कॉलनीनं ते स्पीकरवर ऐकलं आणि माना डोलावल्या. त्यांना पटलं! चारशे माणसांना पटलं! मला रडू येईल की काय असं झालं, रागानं. किशोर स्टेजच्या मधोमध उभा राहून फक्त आईकडे बघत होता.

प्राची या सगळ्यात कुठं होती ते मी पाहिलंच नव्हतं. ती स्टेजच्या मागे गेली होती. सरकारमान्य शिक्षिका, कधी सिग्नल न तोडणारी बाई. तिनं मंडपाचा मेन स्विच खाली ओढला.

हॅलोजन गेले, माइक गेला, सचिव गेले. काळाकुट्ट अंधार आणि त्यात दोन तलवारी. आम्ही सुरू झालो. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. सातव्या वाराला ठरल्याप्रमाणे किशोर मागे सरकला. आठव्याला आणखी मागे. नवव्याला त्याची पाठ पडद्याला टेकली.

आणि पहिल्या रांगेतून मावशी कडाडल्या,

"मांगं मांगं काहून सरून राहिला गा किशोर? घाल ना त्याच्या टाळक्यात!"